अंतरपाटामागची सनई

नवी नवरी घरात आली की बाया आधी तिचं तोंड पाहतात, मग अंगावरचं पाहतात आणि मग तिच्या माहेरची उणीदुणी काढायला बसतात. मी अकोल्याला नांदायला आले तेव्हा माझं तोंड पाहायला सगळी आळी जमली होती. एकटे लहानूजी मामाजी तेवढे माझ्याकडे पाठ करून उकिडवे बसले होते आणि माझ्या माहेरच्या भांड्यांना टिचक्या मारत होते. टिचकी मारायची, मान तिरपी करायची, डोळे मिटायचे, "हूं" म्हणायचं आणि पुढच्या भांड्याकडे सरकायचं. मोठ्या घागरीपाशी ते थांबले. पुन्हा एक टिचकी मारली आणि भर बायकांत म्हणाले, "घागर चिरली हाय. घेतानी वाजवून पाह्यली नाई काय?"

पदराआड मी रागानं लालबुंद. म्हटलं, हा कोण मेला ताडासारखा माणूस, माझ्या बापाची घागर नासवायला बसलाय! संध्याकाळी सासूबाईंनी ती घागर भरून ठेवली आणि सकाळी चुलीपुढं तळं साचलं. सासूबाईंनी घागर परसात नेऊन उपडी घातली. 

तर हे आमच्या ह्यांचे चुलते, म्हणजे माझे चुलत सासरे. मी त्यांना मामाजी म्हणायची. नाव लहानूजी आणि उंची अशी, की आमच्या घराच्या दारातून आत येताना त्यांना नमस्कार केल्यासारखं वाकावं लागे. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. परसातल्या एका खोलीत एकटेच राहत आणि जेवायला आमच्याकडे येत.

आमचं घर सनईवाल्यांचं. मोर्णा नदीच्या काठी आमची वस्ती. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत कुणाकडे लग्न निघालं की बोलावणं आम्हाला. आता तुम्ही लग्नात जेवायला जाता, सनईकडे कोण लक्ष देतो, म्हणून सांगते. ताफ्यात सनया दोन असतात. एक गाणं वाजवते, ती आमच्या ह्यांची. दुसरी नुसता एक सूर धरून बसते. गाणं वर जावो, खाली येवो, नाचो, रडो, हिचा आपला एकच सूर. ती मामाजींची. जन्मभर त्या माणसानं एक सूर वाजवला. गालांत सदा हवा भरून ठेवायची सवय, त्यामुळे वाजवत नसले तरी गाल फुगलेलेच. बोलणंही एका पट्टीत. आनंदाची बातमी आणि मेल्याची बातमी एकाच आवाजात सांगत. रात्री घोरत ते सुद्धा त्याच सुरात. आमचे हे मला चेष्टेनं म्हणायचे, "मी माह्या सनईचा सूर काकाच्या घोरन्यावर लावून घेतो."

आणि बाकीचा वेळ टिचक्या. कुंभाराच्या मडक्याला तर सगळेच टिचकी मारतात, पण मामाजी खाटेला मारत, किवाडाला मारत, टरबुजाला, भोपळ्याला, पाटावरवंट्याला मारत. माझा भाऊ मला भेटायला आला, त्याला टक्कल. मामाजींचा हात वर गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. सासूबाई ओरडल्या म्हणून वाचला बिचारा. अकोल्याला आगगाडीचे रूळ नवे नवे पडले तेव्हा मामाजी धोंडा घेऊन ते वाजवायला गेले. रखवालदारानं बाभळीच्या बनापर्यंत पिटाळलं. धापा टाकत घरी आले आणि म्हणाले, "इंग्रजाचं लोखंड चांगलं बोलते."

कुणी काहीही ठासून सांगितलं की मामाजींचा एकच सवाल तयार. "वाजवून पाह्यलं काय?" अमुक वैदाच्या काढ्यानं खोकला जातो. वाजवून पाह्यलं काय? तमक्याची सून लय भांडखोर. वाजवून पाह्यलं काय? बाई गं, त्या सुनेनं ऐकलं असतं तर मामाजींनाच वाजवलं असतं.

त्याच सुमारास आला तो कापसाचा सुकाळ. सातासमुद्रापलीकडं अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली म्हणे, आणि विलायतेच्या गिरण्या उपाशी पडल्या. झालं! आमच्या काळ्या जमिनीतल्या पांढऱ्या बोंडाला सोन्याचे दिवस आले. काल आंबाडीची भाजी खाणारे आज शेल्यानं तोंड पुसू लागले. बाजारात गाड्यांची रांग लागे आणि कापसाच्या ढिगावर बसून लोक राजासारखे विडे चघळत. मामाजी एकदा तिथं गेले, कापसाच्या एका भल्या मोठ्या गाठोड्याला टिचकी मारली, पुन्हा मारली, कान लावला. घरी येऊन मला म्हणाले, "सूनबाई, काय इपरीत जमाना आला पाहा. एवढा भाव, अन वाजत काईच नाई!"

सनईवाल्यांनाही बरे दिवस आले. पण पैसा आला की माणसाला मतं फार येतात. जो तो आम्हाला सनई शिकवू लागला. कुणी म्हणे शिसवाची सनई गंभीर बोलते. कुणी म्हणे खैराची खणखणीत. अमरावतीच्या एका गृहस्थानं तर चंदनाच्या सनईतून सुगंधी सूर निघतो म्हणून सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या! मामाजी प्रत्येकाला विचारत, "वाजवून पाह्यलं काय? तोंडाशी ताडपानाची पत्ती तेच, छेद तेच, फुंकनारा तोच, फक्त लाकूड दुसरं, असं कोनी पाह्यलं?" सुताराला विचारलं, सोनाराला विचारलं, गवयाला विचारलं. घरी येऊन म्हणत, "मत सगयायचं हाय. पाह्यलं कोनंच नाई." मग गाल फुगवून गप्प बसत.

त्यांची आणखी एक खोड होती आणि तिचा मला भारी जाच. मी पहाटे जात्यावर बसले की मामाजी परसातून यायचे आणि कुडाच्या भिंतीला पलीकडून टेकून बसायचे. रोज. थंडी असो, वारा असो. पहिल्यांदा मला वाटलं, भूक लागली असेल, म्हणून आदल्या दिवसाची भाकर दिली. भाकर खाल्ली, पण उठले नाहीत. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "जातं आयकते तो. टाकी लावाची झाली का नाई ते पाहाते." मला काही ते पटेना. दगड गुळगुळीत झाला की जात्याला टाकी लावायची, पण ती तरी किती वेळा? मला मोकळेपणी ओवी म्हणता येईना. दळण संपलं, मी पदर सावरून उठले, की पलीकडून "हूं" असा आवाज यायचा आणि मामाजी चालते व्हायचे. सासूबाईंची शिस्त कडक. पीठ पडायचं थांबलं की हात थांबला पाहिजे. रिकामं जातं ओढू नये, घराला बरं नसतं, असं त्यांनी मला आल्या आल्या बजावलं होतं.

आता मूर्तिजापुराकडच्या पाटलांचं सांगते. या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सनई आमची. पाटील माणूस दिलदार, पण कापसानं त्यांना चांदीचं वेड लावलं होतं. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं, काठीला चांदीची मूठ, दातकोरणीसुद्धा चांदीची. लेकीचं लग्न निघालं तशी पाटील-पाटलीणबाई खरेदीला अकोल्याला आले. बाजार उरकून, सोबत एक सोनार घेऊन, दोघं आमच्या अंगणात येऊन बसले. पाटलांनी सुपारी दिली आणि वर अट घातली.

"माह्या बैलाच्या शिंगाले चांदी," ते म्हणाले, "अन माह्या दारात लाकडाची सनई वाजन काय? चांदीची सनई करा. तिचा आवाजही गोड असते. नाईतर अमरावतीचा एक जन चांदीची करून देतो म्हन्ते."

ह्यांचा चेहरा पडला. पाटलांचं लग्न हातचं गेलं तर आसपासची सगळी घरं त्याच्या मागं जाणार, हे आम्हाला कळत होतं. आणि चांदी कुठून आणायची? घरात चांदी होती ती माझ्या हातात. माझ्या आईनं घातलेल्या गोठ-पाटल्या. हे माझ्याकडं पाहत नव्हते. मुद्दाम पाहत नव्हते, म्हणून तर मला समजलं. मी आत गेले, रिठ्याचा फेस केला आणि डाव्या हातातला गोठ आणि पाटली काढली. लग्नापासून ती चांदी हातातून उतरली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, ते रिठ्यामुळं असं सासूबाईंना सांगितलं. बाहेर येऊन डावा हात सोनारापुढं रिकामा केला आणि उजव्याला फेस लावायला घेतला.

तेवढ्यात परसातून मामाजी आले. माझ्या उघड्या मनगटाकडं पाहिलं, सोनाराच्या फडक्यावरच्या चांदीकडं पाहिलं. त्या माणसाचा आवाज मी आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा पट्टी सोडून वर गेलेला ऐकला.

"थांबा! वाजवून पाह्यलं काय?"

"काय वाजवून पाहाचं?" पाटील म्हणाले.

"चांदीची गोड वाजते म्हन्ता. कोनी पाह्यलं?"

"अरे, सगये म्हन्तात!"

"सगये म्हन्तात, त मले पाह्यलेला एक दाखवा."

सोनार हसला. "चांदीचा आवाज मी झोपेत ओयखीन, बुवा."

"झोपू नोका," मामाजी म्हणाले. "जागेपनीच ओयखा."

असं म्हणून ते त्यांच्या खोलीत गेले आणि एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू घेऊन आले. फडकं सोडलं तर आत चांदीची सनई! अगदी आमच्या ह्यांच्या खैराच्या सनईची जुळी बहीण. तीच लांबी, तीच भोकं. आम्ही सगळे अवाक्‌. ह्यांनी विचारलं, "काका, हे कुठून आनली?"

"होती पडली."

"आन इतकी वर्सं..."

"वाजव तू."

पाटलांना गंमत वाटली. पैज म्हटली की त्यांना जेवणही सुचत नसे. ठरलं असं, की हे पडद्याआड बसून वाजवतील आणि पाटलांनी, सोनारानं चांदी कोणती, लाकूड कोणतं ते ओळखायचं. ओळखलं तर माझी चांदी वितळणार. नाही ओळखलं तर खैराचीच सनई लग्नात वाजणार. पडदा कशाचा करायचा? पाटलांच्या गाठोड्यात लग्नासाठी घेतलेला कोरा अंतरपाट होता. दोन गाडीवानांनी तो धरला. पण तो पाटलांचा अंतरपाट! मुंबईचं तलम कापड, इतकं झुळझुळीत की पलीकडच्या ह्यांच्या मिशा मोजून घ्याव्यात. पाटलीणबाई म्हणाल्या, "अवो, ह्याच्यातून त नवरा-नवरीचं लगन आदीच लागून जाईन!" मग अंतरपाटावर आमची जुनी घोंगडी टाकली. पडद्यामागं साक्षीला पाटलीणबाई बसल्या, मीही त्यांच्याशेजारी बसले. एक मनगट भरलेलं, एक उघडं, आणि देवाचं नाव ओठांत.

मामाजीही पडद्याआडच, आमच्या बाजूला उभे होते. त्यांनी बजावून ठेवलं होतं. दरवेळी पत्ती काढायची आणि पुन्हा बसवायची, सनई तीच असली तरी. नाहीतर मध्ये किती वेळ गेला त्यावरून लोक ओळखतात. पत्ती एकच, धून एकच.

ह्यांनी पहिली वाजवली खैराची.

"वा! चांदी!" पलीकडून पाटील ओरडले. "कसा साखरेवानी आवाज हाय!"

"चांदीच," सोनार म्हणाला.

पाटलीणबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मग वाजली चांदीची. सोनार म्हणाला, "हे पाहा लाकूड. कसं भसाडं हाय." पुन्हा तीच चांदीची वाजली, तेव्हा पाटील म्हणाले चांदी आणि सोनार म्हणाला लाकूड, आणि दोघांची जुंपली. पाटील म्हणाले, "तू सोनार असून तुले चांदी समजत नाई?" सोनार म्हणाला, "पाटील, तुमी कापसाचं पाहा!" मग खैराची लागोपाठ दोनदा वाजली. सोनाराला ती आधी गोड लागली आणि मग भसाडी. पाटलीणबाई हसून हसून माझ्या मांडीवर कोसळल्या. मला हसू येत होतं आणि ओठांत देवाचं नाव चालूच होतं, दोन्ही एकदम.

त्या गडबडीत मला एक गोष्ट दिसली. चांदीची सनई वाजली की मामाजी तोंड फिरवायचे आणि अंगणातल्या कडुलिंबाकडं पाहत राहायचे. खैराची वाजली की पुन्हा इकडं. मला वाटलं, बारकाईनं ऐकत असतील.

शेवटी पाटलीणबाई पडदा सारून बाहेर आल्या. "मधी एकदोनदा बरोबर आलं ते नशिबानं," त्या म्हणाल्या. "बाकी तुमाले दोघायले काई समजत नाई!"

पाटील क्षणभर फुगले. मग खदखदून हसले. असा माणूस होता म्हणून तर तो पाटील. पण हसता हसता म्हणाले, "ठीक हाय, आवाजात फरक नाई. पन हे चांदीची तयारच हाय ना? मंग हेच वाजवा. दिसाले त बरी दिसते!"

मामाजींनी सनई फडक्यात गुंडाळायला घेतली होती. "नाई," ते म्हणाले. "हे वाजनार नाई."

"काहून?"

"नाई म्हनलं ना."

पाटलाला नाही म्हणायची ही कोणती रीत? ह्यांनी कपाळाला हात लावला. हातातोंडाशी आलेला घास हा माणूस घालवणार, असं मला वाटलं. पण पाटलीणबाईंना देवानंच बुद्धी दिली. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माह्या लेकीच्या लग्नात लोक सनई आयकाले येतीन का पाहाले? खैराचीच वाजन. चला." पाटलीणबाईंनी चला म्हटलं की पाटील चालत असत. सोनारानं माझी चांदी तोंड वाकडं करून परत दिली आणि मी ती तिथंच, सगळ्यांदेखत, मनगटात चढवली.

आता मला सांगा, मी आनंदात असायला हवी होती की नाही? पण मी धुमसत होते. घरात आख्खी चांदीची सनई पडली होती आणि हा माणूस माझा हात उघडा होईस्तोवर गप्प! आणि एका लग्नापुरती द्यायला काय झालं होतं? त्या रात्री मी मामाजींच्या ताटात भाकर वाढली नाही, आपटली. ते भाकरीकडं पाहून "हूं" म्हणाले आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जात्यावर बसले. कुडाच्या पलीकडं खसखस झाली, मामाजी येऊन टेकले. मी दळत राहिले, पण राग पोटात ठेवायची मला सवय नाही. हात थांबवून म्हणाले, "मामाजी, ते सनई काहून नाई देल्ली?"

पलीकडून कुडावर एक टिचकी वाजली. मग त्या एकसुरी आवाजात मामाजी बोलू लागले.

"ते तिच्या हातातली हाय, सूनबाई."

"कोनाच्या?"

"माह्या घरच्या मानसाच्या. मले सूर धरून धरून कटाया आल्ता. वाटलं, चांदीची केली त माह्या बोटातूनही गानं निंघन. तिनं गोठ-पाटल्या काढून देल्ल्या. दादाच्या सनईचं माप घेऊन केली. वाजवली. जसा होतो तसाच."

दादा म्हणजे माझे सासरे. त्यांचीच खैराची सनई आता ह्यांच्याकडं होती.

"मंग त्या काय म्हनल्या?"

"डोये मिटून आयकलं तिनं. म्हने, लय गोड झाली, लय फरक हाय. पन फरक नवता. तिलेही समजलं होतं."

मी सुपातली मूठभर ज्वारी उचलली आणि तशीच हातात धरून बसले.

"मंग ती जात्यावर बसे," मामाजी म्हणाले, "त नुसतं जातं आयकू ये. पह्यले तिचे हात आयकू येत. काचेचे काकनं होते, पन त्यायचा आवाज दुसरा. म्हनलं, लग्नसराई झाली का करून देऊ, पुढच्या साली करून देऊ. पटकीनं पुढचं सालच येऊ देल्लं नाई." आणि थोड्या वेळानं, जसं काही एखाद्या मडक्याबद्दल सांगत असावेत तसं, म्हणाले, "सनईत फुंक वाजते, सूनबाई. तिले चांदी असो का खैर असो, काई फरक पडत नाई. हातात चांदी वाजते. तठी फरक पडते."

माझ्या हातातला खुंटा ओला झाला. म्हणजे हा माणूस जात्याची टाकी ऐकायला येत नव्हता. माझ्या उजव्या-डाव्या मनगटातल्या गोठ-पाटल्या एकमेकींवर आपटतात, ते ऐकायला येत होता. मी त्याला शिळी भाकर देत होते आणि मनात चिडत होते. आणि काल माझी चांदी सोनाराच्या फडक्यावर पाहून त्यानं ते फडकं सोडलं, जे बायको गेल्यापासून कुणापुढं सोडलं नव्हतं. माझा हात उघडा राहू नये म्हणून. लहानूजी मामाजींचे उपकार माझ्यावर आहेत. आज मी म्हातारी झाले, हात सुकले, तरी त्या गोठ-पाटल्या माझ्या हातात आहेत. त्या उपकारांची मी कशी फेड करणार होते? त्यांना द्यायला माझ्याकडं होतं तरी काय?

मी पुन्हा दळायला घेतलं. ज्वारी थोडीच उरली होती, लवकर संपली. पीठ पडायचं थांबलं. उठायची वेळ झाली. पलीकडं मामाजींनी "हूं" म्हणायला श्वास घेतला असावा.

रिकामं जातं ओढू नये, घराला बरं नसतं. सासूबाई आत जाग्या होत्या, त्यांना ऐकू जात होतं.

मी ओढत राहिले, मनगटातल्या गोठ-पाटल्या वाजत राहिल्या. त्या आतून काही बोलल्या नाहीत.